नानासाहेब माझ्यावर उभे राहिले

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि मी डूख धरतो. हे आधीच सांगितलेलं बरं. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, डब्याला कसला आलाय राग! ऐकाच मग.

पंचावन्न साली मी परदेशातून बोटीने आलो. कमरेएवढा उंच, आणि आत गच्च दुधाची पावडर. तिकडचं सरकार गरीब देशांतल्या पोरांसाठी अशी मदत पाठवत असे. मी बैलगाडीतून पुनावळ्याच्या शाळेत पोचलो. तिथे कौशल्याबाई पातेल्यात पावडर कालवून पोरांना पेला पेला दूध द्यायची. तिची नात इंद्रायणी जन्माची अशक्त, भिंत धरून चालायची. त्या दुधावर पोरगी अंगणात पळायला लागली! कौशल्याबाई मला पदराने पुसायची आणि म्हणायची, "लई गुणाचा डबा हाय ह्यो." काय फुगलो होतो मी!

मग बातमी आली. तिकडच्या सरकारने परदेशी मदतीला कात्री लावली. तिथल्याच संसदेतल्या काही सभासदांनी कडाडून विरोध केला म्हणे, पण कुणी ऐकलं नाही. आमचं दूध बंद होणार होतं.

कौशल्याबाई तडक नानासाहेबांकडे गेली. ते तालुक्याचे पुढारी, दिल्लीपर्यंत ओळखी.

"नानासाहेब, निषेधाचा ठराव करा. आमी समद्या बाया अंगठं देतो. आपल्या सरकारनं तिकडं बोलाय पायजे."

"कशाला? बरंच झालं," नानासाहेब म्हणाले. "फुकटच्या दुधाने पोरं लाचार होतात."

मागे गोठ्यात त्यांच्या म्हशी रवंथ करत होत्या. पिंपरीच्या नव्या कारखान्यांच्या वसाहतीत त्यांचं दूध विकलं जायचं. शाळेतला पेला थांबला की गावातही गिऱ्हाईक वाढणार होतं. लाचार म्हणे!

दूध थांबलं. इंद्रायणीने पुन्हा भिंत धरली. मला नानासाहेबांच्या गोठ्यात नेलं आणि माझ्यात म्हशींचं मीठ भरलं. त्या ओल्या मिठाने माझं बूड खाल्लं. कुणी कधी पुसलं नाही, उन्हात ठेवलं नाही. मी गंजत होतो आणि मनात एकच म्हणत होतो, सापड एकदा.

सापडले! सत्तावन्न साली नानासाहेब निवडणुकीला उभे राहिले. देवळापुढे सभा भरली. नानासाहेब बुटके, मागच्यांना दिसेनात. त्यांचा गडी सयाजी धावत गोठ्यात गेला, मला रिकामा करून घेऊन आला आणि पालथा घातला. गंजलेलं बूड वर. नानासाहेब त्यावर चढले.

"आपल्याला कुणाची भीक नको!" त्यांनी पाय आपटला.

मी अंग सोडून दिलं. नानासाहेब कमरेपर्यंत आत! धोतर फाटक्या पत्र्यात असं अडकलं की हलता येईना. सभा खो खो हसली. माझ्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू!

सयाजी पुढे झाला. कौशल्याबाईने त्याला अडवलं.

"थांब रं. नानासाहेब, म्हणा, मदत कापायला माझा इरोध हाय."

"अगं, आधी बाहेर काढ!"

"आदी म्हणा. ठराव करतो म्हणा. आन् तवर तुमच्या म्हशींचं दूध साळंत देतो, ह्ये बी म्हणा."

सगळं गाव बघत होतं. मतं त्याच गावाची हवी होती. नानासाहेबांनी दात-ओठ खात तिन्ही वाक्यं म्हटली, आणि मगच त्यांना उपसून काढलं.

ठराव दिल्लीला गेला. पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. दूध मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत आलं. पहिला पेला इंद्रायणीने घेतला, एका हाताने. दुसरा हात अजून भिंतीवर होता, आणि त्याचा राग माझा आजही गेलेला नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसत जा, कोरड्या ठेवत जा. आणि पोरांच्या तोंडचं दूध काढून आमच्यावरच उभं राहून भाषण करणार असाल, तर जरूर या. मी वाट बघतोय.