‘सभासदत्व रद्द’ शिक्क्याची कैफियत

मित्रांनो, मी जुना आहे, पण झिजलेला नाही. यात कौतुक वाटावं असं काही नाही. नऊ वर्षं मला कोणी कागदावर टेकवलंच नाही, म्हणून माझी अक्षरं अजून धारदार आहेत. ती अक्षरं अशी: ‘सभासदत्व रद्द’.

चंद्रपूरच्या एका अरुंद बोळात, शिक्के करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. मूठ सागवानी, रबर गुळगुळीत. त्याच दुपारी माझा जुळा भाऊही जन्मला. त्याच्यावर ‘नूतनीकृत’ असं कोरलं होतं. आम्हा दोघांना अरण्यसोबती मंडळाने नेलं. हे मंडळ जंगल वाचवतं, असं त्याच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

माझा जन्म गरजेतून नव्हे, तपासणीतून झाला. देणगी देणाऱ्या मोठ्या शहरातल्या लोकांनी विचारलं होतं, “सभासदाला नाव काढायचं असेल तर सोय आहे का?” सचिव हेमराजभाऊंनी मला उचलून दाखवलं. माझा फोटो निघाला आणि वार्षिक अहवालाच्या अकराव्या पानावर छापून आला. माझ्या आयुष्यातलं एकूण कौतुक एवढंच. मग मी खणात गेलो. शेजारी गंजलेल्या टाचण्या आणि खोकल्याच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट. वर टेबलावर भाऊ दिवसभर धपाधप आपटत असे. त्याच्या ‘नी’ची वेलांटीसुद्धा झिजून गेली.

भावाला एवढं काम का, ते सांगतो. मंडळाचा नियम असा, की सभासद गप्प बसला तर त्याचं सभासदत्व पुढच्या वर्षासाठी आपोआप वाढतं आणि वर्गणी बँकेतून आपोआप कापली जाते. गप्प बसणारे या देशात पुष्कळ आहेत. मंडळ भरभराटीला आलं.

मग रुखमाबाई आली.

ती चिमूरकडच्या एका तलावाच्या गावातली, मासे धरणाऱ्या घरातली. तीन वर्षांपूर्वी गावाजवळ वाघ दिसला, तेव्हा मंडळाची जीप बायकांना बॅटऱ्या वाटायला गेली होती. बॅटरी घ्या, इथे सही करा. एक्केचाळीस बायकांनी सह्या केल्या, अंगठे दिले आणि एक्केचाळीस सभासद झाल्या. कार्डंही मिळाली. कोणीच फार मनावर घेतलं नाही, कारण त्यांच्या मच्छीमार सोसायटीचा रिवाज वेगळा. तिथे तलावात मत्स्यबीज सोडायच्या दिवशी जो काठावर हजर नसेल, त्याचं नाव त्या वर्षापुरतं गळतं. काढायला कोणाच्या पाया पडावं लागत नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला आपण गेलो नाही, म्हणजे नाव गळलं, असं रुखमाबाई तीन वर्षं समजून होती. इकडे ती गेली नाही, म्हणूनच तिचं नाव पक्कं होत होतं.

तिसऱ्या वर्षी मंडळाने सरकारकडे अर्ज केला, की तलावाचा जंगलाकडचा काठ मासेमारीला कायमचा बंद करावा. अर्जाला जोड होती, ‘गावातील एक्केचाळीस सभासद भगिनींचा पाठिंबा’. आता हा काठ कोणाचा? पुरुष होड्या घेऊन मधल्या खोल पाण्यात जातात. जंगलाकडचं गुडघाभर पाणी बायकांचं. हातजाळीने झिंगे तिथेच मिळतात. म्हणजे आपलं पाणी बंद करायला आपणच पाठिंबा दिला होता, हे त्यांना सुनावणीच्या नोटिशीवरून कळलं.

रुखमाबाई वरोरा-भद्रावती करत एसटीने चंद्रपूरला मंडळाच्या कचेरीत आली. पहिल्या खेपेला मूळ कार्ड नव्हतं म्हणून परत. दुसऱ्या खेपेला कार्ड होतं, तर मुदत नव्हती. तिसऱ्या खेपेला ती टेबलासमोर उभीच राहिली.

“माह्यं नाव काढा.”

कारकून चंचल हिने मान वर न करता सांगितलं, “बाई, नूतनीकरणाच्या आधी सात दिवसांत यावं लागते. तुमाले मेसेज गेलता.”

“मोबाईल माह्या नवऱ्याच्या खिशात. नवरा पाण्यात. मेसेज काय मासोळीनं वाचावा?”

आतून हेमराजभाऊ आले. आवाज सभ्य, डोळे तसे नव्हते. “ताई, वर्गणीचा प्रश्न असेल तर अर्ज लिहा, आम्ही सहानुभूतीने...”

“पैशापायी नाई आली मी. सोमवारी सुनावणी हाये. तुमच्या यादीत माह्यं नाव वाचतीन, अन् मी तिथंच बसून ऐकू का?”

“वाघ वाचला तर तुम्हीच वाचाल, ताई.”

“वाघाचं अन् माह्यं आमी पाहून घेऊ जी. तो निदान सभासद करून खात नाई.”

चंचलला हसू आलं. ते तिने रजिस्टरमध्ये लपवलं. हेमराजभाऊंचा मात्र तोल गेला. “सोय नाही असं म्हणता काय? हे बघा!” त्यांनी खण ओढला आणि मला टेबलावर आपटलं. “सोय आहे! पण वेळेत यावं लागतं!”

नऊ वर्षांनी उजेड पाहिला. डोळे दिपले, आणि तेवढ्यात एका खरखरीत हाताने मला उचललं. रुखमाबाईने मला भावाच्या शाईत दाबलं आणि स्वतःच्या कार्डावर ठोकलं. मित्रांनो, पहिला ठसा. किंचित तिरपा आला, पण माझाच.

“माझ्या सहीशिवाय हे चालत नाही!” हेमराजभाऊ ओरडले.

“अंगठे घेतले तवा तुमची सही कोणं पाह्यली?” एवढं बोलून तिने मला पदरात बांधलं आणि ती निघाली.

“अडव तिला!”

चंचल जागची हलली नाही. “सर, त्यायची गाडी सुटून राह्यली.”

पुढचे दोन दिवस मी उसन्या शाईवर घरोघरी फिरलो. नऊ वर्षांचं काम मी दोन दिवसांत उरकलं.

सोमवारी सुनावणीच्या साहेबांनी यादी वाचायला घेतली. रुखमाबाई उठली. मागोमाग चाळीस जणी उठल्या. टेबलावर एक्केचाळीस कार्डं पडली. साहेबांनी एक उलटसुलट करून पाहिलं. “हा शिक्का मंडळाचाच का?”

हेमराजभाऊंनी ठसा ओळखला. नाही म्हणावं तर अकराव्या पानावर माझा फोटो.

“आमचाच,” ते म्हणाले. “पण चोरीला गेला होता.”

“तक्रार केली?”

तक्रार केली नव्हती. कशासाठी नेला, हेही लिहावं लागलं असतं. साहेबांनी एक्केचाळीस नावांवर रेघ मारली. गावातला पाठिंबा शून्य उरला. काठ उघडा राहिला, आणि दुसऱ्या सकाळी बायका हातजाळ्या घेऊन गुडघाभर पाण्यात उतरल्या. वाघ कोणाच्या बाजूने होता, हे कोणी विचारलं नाही.

आता मी रुखमाबाईच्या घरी जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांसोबत टोपलीत राहतो. खणापेक्षा वास जास्त आहे, पण माणसं ओळखतात. तुम्हाला एकच विनंती, मित्रांनो. तुमच्याही संस्थेच्या एखाद्या खणात माझ्यासारखा कोणी पडलेला असेल. त्याला अहवालात दाखवण्यापुरता ठेवू नका. अधूनमधून शाई पाजा. रबर वाळलं की तडकतं.

काल रुखमाबाईच्या नवऱ्याचा, इस्तारीचा, मोबाईल वाजला. त्याने अडखळत वाचलं, “अभिनंदन. आपले सभासदत्व चौथ्या वर्षासाठी नूतनीकृत झाले आहे.”

रुखमाबाईने झिंगे निवडता निवडता टोपलीकडे पाहिलं.

“शाई हाये का जी घरी?”