शेवटचा हात कोरडा

अलाउद्दीनच्या नाकात दिवसरात्र नळी असे, पण हुकूम सोडायला ती काही आड येत नसे. पिरंगुटच्या बाजारामागच्या दोन खोल्यांत, दाराजवळच्या खाटेवर बसल्या बसल्या तो अख्खं घर चालवायचा. उशाशी ऑक्सिजनचं मशीन घूं घूं करत असायचं. त्या आवाजात त्याला आतल्या खोलीतलं काही ऐकू येत नसे, त्यामुळे त्याच्या बायकोला, मैमुनाला, ओरडून बोलायची सवयच लागली होती.

त्यानं उभी हयात दगड घासण्यात घालवली. रस्त्यापलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये अकीक यायचे, स्फटिक यायचे, आणि घासूनपुसून परदेशी जायचे. कशासाठी? तर जपानी तलवारींसाठी! तसल्या तलवारींचे शौकीन जगभर पसरलेत म्हणे. म्यानावर, मुठीच्या टोकावर, मुठीवरच्या इवल्याशा नक्षीत बसवायला त्यांना दगड लागतात. तलवार कुणाची, ती राहते कुठं, हे शेडमधल्या एकालाही ठाऊक नव्हतं. दगड जायचे, धूळ मात्र इथंच राहायची. ती अलाउद्दीनच्या छातीत राहिली. आधी क्षय म्हणून त्याला गोळ्या चारल्या. त्या संपल्यावर पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाल्या, ही दगडाची धूळ आहे, आत गेली ती गेली, परत निघत नाही. शेडचा मालक भेटायला आला तेव्हा सफरचंदं घेऊन आला. त्याची माणुसकी एवढीच, आणि तीही थोडी डागाळलेली निघाली.

त्याच शेडमध्ये आता त्याचा मुलगा झीशान बसत होता. अलाउद्दीनला हे मुळीच मंजूर नव्हतं. पण पोराचं कारखान्यातलं कंत्राटी काम सुटलं, दुसरं मिळेना, आणि मालकानं दगड घासायच्या चाकांवर पाण्याची नळी बसवली. पाणी पडत असलं की धूळ उडत नाही, तिचा चिखल होऊन खाली जातो. तेव्हा कुठं अलाउद्दीन नमला. झीशाननं खाटेपाशी उभं राहून शपथ घेतली होती.

"अम्मीची शपथ घिऊन सांग. पान्याबिगर चाक फिरवनार न्हाईस."

"न्हाई फिरवनार, अब्बा. अम्मीची शपथ."

त्या शपथेवर अलाउद्दीन जगत होता म्हणा ना. आपलं जे व्हायचं ते झालं, पोराची छाती शाबूत आहे, एवढं एक तो रोज मनाशी घोळवायचा आणि मग त्याला झोप लागायची.

एके दिवशी दुपारी कोळवणहून दादासाहेब आले. हे दादासाहेब म्हणजे एका जपानी कंपनीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, भातखाचरांच्या कडेला घर बांधून राहिलेले सज्जन गृहस्थ. निवृत्तीच्या वेळी तिकडच्या साहेबानं त्यांना एक तलवार भेट दिली होती. त्यांनी रुमाल सोडला. आत पितळेचे दोन खेकडे होते, करंगळीच्या पेराएवढे. मुठीच्या दोन बाजूंना दोन बसतात. एकाच्या पाठीवर लालभडक अकीक होता, दुसऱ्याची पाठ उघडी पडली होती.

"मूठ सोडून साफ करत होतो, अलाउद्दीनभाई. हातातून पडला आणि दगडाचा चुरा झाला. अगदी ह्याच्यासारखाच हवा. होईल का?"

अलाउद्दीननं खेकडा तळहातावर घेतला. कोळवणच्या खाचरातला खेकडा बिळातून डोकावावा तसा तो नांग्या उगारून बसला होता. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी औषधाचं सोडून दुसरं काही विचारलं होतं.

"व्हनार न्हाई म्हंजे? माझं पोरगं करतंय. पर रंग मी बगनार."

आता इथली एक गोष्ट सांगायला हवी. असा दगड पातळ असतो आणि त्याच्या पाठीमागचा धातू त्यातून उजळतो. जाड ठेवला तर कलेजीसारखा काळपट दिसतो, फार घासला तर फिका पडतो. मधे कुठंतरी, केसभर जागेत, खरा रंग असतो. आणि ओला दगड खोटं बोलतो. पाण्याखाली कुठलाही दगड देखणाच दिसतो. पुसून, वाळवून बघावं तर तोवर दगड जास्त घासला जाऊन रंग हातचा गेलेला असतो. म्हणून जुने कारागीर सगळं काम पाण्यावर झालं तरी शेवटी पाणी बंद करायचे, चाकाशी तोंड नेऊन कोरडा दगड डोळ्यांत तेल घालून बघत घासायचे. शेवटचा हात कोरडा, हे अलाउद्दीनचं आवडतं वाक्य होतं. सगळ्या शेडला त्यानंच ते शिकवलं होतं. झीशान लहानपणापासून ते ऐकत आला होता. शपथ घेववताना हे वाक्य मागं घ्यायचं मात्र म्हाताऱ्याच्या डोक्यात आलं नाही. शहाणा माणूस, पण एवढं राहिलं.

झीशाननं पहिला दगड आणला. अलाउद्दीननं तो खेकड्याच्या पाठीवर ठेवला, दाराच्या उजेडात धरला आणि परत दिला.

"फिका हाय."

दुसरा आणला.

"ह्यो काळपट. डोळं फुटलं का तुजं? दादासायब काय म्हनतील, अलाउद्दीनच्या पोराला रंग कळंना!"

"अब्बा, पान्यावर लई अवघड जातंय. पुसूस्तवर—"

"मला नगं सांगू. मी काय भाकरी थापत व्हतो व्हय तितं?"

झीशाननं दगड उचलून खिशात टाकला. तो मूळचाच कमी बोलणारा. मैमुना आतून म्हणाली, "अवं, पोराला जरा दमानं घ्या की." पण मशीनच्या आवाजात तिचं म्हणणं खाटेपर्यंत पोचलंच नाही.

तिसरा दगड आणला तो मात्र असा, की अलाउद्दीन बघतच राहिला. त्यानं दोन्ही खेकडे शेजारी ठेवले, डोळे मिटून आलटूनपालटून ठेवले, उघडले, आणि नवा कुठला ते त्याला सांगता येईना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली कला पोराच्या हातात उतरली, आता मरायला हरकत नाही, असंच त्याला वाटलं, आणि त्यानं ते बोलूनही दाखवलं. झीशान खाली बघून हसला.

दगड काढून अलाउद्दीननं उलटा केला, कौतुकानंच. भिंगातून कड बघितली. कडेला बारीकशी पांढुरकी रेघ होती. दगड पाण्याविना तापला की कड अशी भाजते. ती रेघ त्यानं आयुष्यभर स्वतःच्या दगडांवर पाहिली होती.

भिंग डोळ्यापासून न काढताच म्हाताऱ्यानं विचारलं.

"झीशान, ह्यो पान्यावरच केला न्हवं?"

"व्हय, अब्बा."

"पानी चालू व्हतं?"

"व्हय म्हनतोय की."

अलाउद्दीननं भिंग ठेवून दिलं. अकीकाला जन्मतःही कधी पांढरी शीर असते, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणसाला जे ऐकायचं असतं ते पटवायला कितीसा वेळ लागतो? आणि समजा एखादा दगड केला असेल कोरडा, तर एका दगडानं काय होतंय! दादासाहेबांना फोन करायला सांगून तो उशीला टेकला, पण त्या दिवशी तो जेवला नाही.

दादासाहेब मूठ आणि रेशमी फीत घेऊनच आले. फीत गुंडाळायचं काम ते स्वतः करत, साहेबानं हौसेनं शिकवलं होतं. "तुमच्या डोळ्यांसमोरच करतो," म्हणाले. दगड पाहून त्यांनी झीशानची पाठ थोपटली, तसा तो आतल्या खोलीत निघून गेला. मग खाटेच्या कडेला बसून त्यांनी खेकडा मुठीला लावला आणि काळी फीत तिरपी ओढून, पीळ देऊन, वरून न्यायला सुरुवात केली. एक वेढा नांग्यांवरून गेला. पुढचा थेट पाठीवरून.

"अवं, दगड झाकतोय," अलाउद्दीन म्हणाला.

"झाकायचाच असतो. हा खेकडा दिसण्यासाठी नसतोच मुळी, मूठ धरताना हाताला लागावा म्हणून असतो. फार तर एवढीशी कड दिसेल."

त्यांनी दाखवली. दोन वेढ्यांच्या मधून तांदळाच्या कणीएवढं लाल दिसत होतं. तो दगड फिका असता, काळपट असता, काही असता, तरी जगात कुणाला कळलं नसतं. दादासाहेबांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. अलाउद्दीन त्या लाल कणीकडे बघत राहिला आणि परत पाठवलेले ते दोन दगड त्याला आठवले.

तेवढ्यात लाइट गेली. पिरंगुटला ती जातेच. मशीन थांबलं आणि घर एकाएकी शांत झालं. मैमुना ऑक्सिजनच्या मोठ्या सिलिंडरची चावी शोधायला धावली.

त्या शांततेत आतल्या खोलीतून खोकला आला. कोरडा, खोल, शेवटी शीळ वाजणारा. मधे दम घ्यायला थांबलेला आणि पुन्हा आलेला. अलाउद्दीनला कुणी सांगायची गरज नव्हती. हा खोकला त्याच्या ओळखीचा होता. फोटोच्या कितीतरी आधी, लोक पावसाळी खोकला म्हणत होते तेव्हा, त्याचाही असाच होता.

"झीशान! हिकडं ये."

झीशान तोंड पुशीत आला.

"कवापासनं?"

"थंडीचा हाय, अब्बा."

"कवापासनं कोरडं घासतुयास? खोटं बोलू नगंस."

झीशाननं आधी दादासाहेबांकडं बघितलं, मग बापाकडं. "पयल्यापासनंच," तो म्हणाला. "तुमी परत दिलेलं त्ये दोन तेवडं पान्यावर केलं व्हतं. पान्यावर रंग जमत न्हाई. मालक म्हनं, अलाउद्दीनचं पोर हाय, रंगाचं काम त्यालाच द्या. तुमीच तर शिकवलं, शेवटचा हात..." आणि पुढचं त्याला खोकल्यानं बोलू दिलं नाही.

दादासाहेबांच्या हातातली फीत सैल झाली. "कशाचा खोकला आहे हा?" त्यांनी विचारलं.

अलाउद्दीनचा श्वास वर लागला होता. मैमुनानं सिलिंडर उघडलं, नळी जोडून त्याच्या नाकाशी लावली, आणि तो ती काढू लागला. तिनं हात धरला तर त्यानं हिसका दिला. ओठ निळे पडत चालले होते, तरी त्यानं पोराला मानेला धरून खाली ओढलं आणि स्वतःची नळी त्याच्या नाकाला लावायला गेला. नळी झीशानच्या गालावरच घासली जात होती.

"घे," तो म्हणाला. "घे, वड."

झीशाननं हळूच त्याचा हात बाजूला केला आणि नळी पुन्हा बापाच्या नाकात बसवली.

"मला न्हाई लागत, अब्बा," तो म्हणाला. "अजून न्हाई."

मैमुना सिलिंडरची चावी हातात धरून तशीच उभी राहिली.