नंदकुमारांना विचारा

धनाजीशेठच्या ऑफिसातला कॉम्प्युटर कित्येक वर्षांत कुणी बंद केला नव्हता. बंद केला तर परत उठेल याची खात्री नव्हती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माउसचा पत्ता नाही, आणि सळई-पत्र्याची सगळी बिलं त्यातूनच निघायची. तो चालवता यायचा एकट्या नंदकुमारांना. का, तर त्यांनी तो दुसऱ्या कुणाला शिकवलाच नव्हता. कुणी शिकायला खुर्ची ओढून बसलंच, तर नंदकुमार त्याला चहा सांगायला पाठवत. त्यामुळे कळंबोलीच्या त्या ऑफिसात काहीही अडलं की एकच वाक्य ऐकू यायचं, "नंदकुमारांना विचारा." ते कानावर पडलं की साताऱ्याकडच्या या माणसाची मान आपोआप ताठ व्हायची.

मग धनाजीशेठ गुडघे धरून घरी बसले आणि त्यांची मुलगी क्षिप्रा कारभार बघायला लागली.

"काका, हे आता म्युझियमला द्या," ती पहिल्याच महिन्यात म्हणाली. "दसऱ्यापासून नवं सॉफ्टवेअर. सगळं मोबाइलवर."

"हो, हो, झालंच पाहिजे," नंदकुमार म्हणाले खरे, पण मनात वेगळाच हिशेब सुरू झाला. मुलीचं, वैदेहीचं, लग्न अजून व्हायचं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला या बाजारात दुसरं कोण दारात उभं करणार? आणि खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही ते वाक्य जाईल, याचंच दुःख मोठं होतं.

काम समजून घ्यायला सॉफ्टवेअर कंपनीचा निशांत आला. पोरगा हुशार, लॅपटॉपवर भराभर टिपणारा. नंदकुमारांनी मनाशी ठरवलं, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. फक्त खरं आहे ते सगळंच्या सगळं सांगायचं. याच्या बापाला जमणार नाही असं सॉफ्टवेअर मागायचं.

"अमावास्येला आमी बिल फाडत नाय," ते म्हणाले. "ट्रक दारात उभा राहिला तरी चालंल."

"टेन्शन नाय काका. पंचांग जोडून टाकू."

"नावड्याच्या फॅब्रिकेटरला काट्याचं वजन चालत नाय, तो सळया मोजून घेतो. पावसात गंजलेल्या मालाला सूट, पण गिऱ्हाईक भांडलं तरच."

"'गिऱ्हाईक भांडलं का', असा एक रकाना करतो."

पोरगं कशालाच नाही म्हणेना. शेवटी निशांतने विचारलं, "आणि इतकं सगळं असताना बिल बरोबर आहे की नाय, ते फायनल कोण करतं?"

इथे नंदकुमारांची जीभ सवयीने पुढे गेली. "मलाच विचारतात."

निशांतने तेही टिपून घेतलं.

दसरा उजाडला. ऑफिसात दरवर्षी काटा, क्रेन आणि कॉम्प्युटर यांची पूजा व्हायची. क्षिप्राने नव्या टॅबलेटला कुंकवाचं बोट लावलं. नंदकुमार मात्र जुन्या कॉम्प्युटरपुढे हात जोडून उभे राहिले. शेवटचीच पूजा, म्हणून त्यांनी झेंडूचा हारही जाडजूड आणला होता. ज्या यंत्राजवळ त्यांनी कधी कुणाला पाण्याची बाटली ठेवू दिली नाही, त्याच्यावर त्यांनी भरल्या डोळ्यांनी, आंब्याच्या पानाने, पळीपळीने पाणी शिंपडलं. यंत्र चालूच होतं. ते कधी बंद असायचं?

आत फट्कन आवाज झाला. हिरवी अक्षरं गेली आणि जळक्या वासात उदबत्तीचा वास मिसळला. वर्षानुवर्षं राखलेलं दैवत नंदकुमारांनी आपल्याच हातांनी विसर्जित केलं होतं. जुनी माहिती निशांतने आधीच उतरवून घेतलेली, त्यामुळे त्यांच्याशिवाय कुणाचंच काही अडलं नाही.

नंदकुमार राजीनाम्याची भाषा जुळवत खुर्चीत बसले, तोच खिशातला मोबाइल वाजला. 'बिल तयार. नंदकुमारांना विचारायचे आहे. मंजूर?' त्यांनी मंजूर दाबलं. छाती भरून आली. मोबाइल पुन्हा वाजला.

त्यानंतर तो वाजतच राहिला. जेवताना, दाढी करताना, न्हाणीघराच्या दाराबाहेर. वैदेहीला बघायला पाहुणे जुईनगरला आले, तेव्हा मुलाचे वडील आपली शेती सांगत होते आणि नंदकुमार मान खाली घालून पत्र्याची बिलं मंजूर करत होते. पाहुण्यांना वाटलं, माणूस नाराज आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निशांतला गाठलं. "ते माझ्या नावाचं काढता येईल का रे?"

"एका मिनिटाचं काम आहे, काका. सॉफ्टवेअरला तसं कुणाला विचारायची गरजच नाय. तुमी सांगितलं म्हणून ठेवलंय. काढू?"

नंदकुमारांनी तेवढ्यात वाजलेल्या मोबाइलवर आणखी एक बिल मंजूर केलं. "असू दे," ते म्हणाले. "राहू दे आपलं."

पाहुण्यांचा होकार आला. सुचिता भिंतीवरचं कॅलेंडर काढून साखरपुड्याची तारीख बघायला बसली. नवऱ्याचा मोबाइल वाजला, तशी तिने पेन खाली ठेवलं.

"अहो, त्या दिवशी तरी हे बंद राहील ना? पोरीला ओवाळताना तुमचं लक्ष तिच्याकडे असू दे."

"ते फक्त अमावास्येला बंद असतं," नंदकुमार म्हणाले.

त्यांनी कॅलेंडर ओढून घेतलं आणि पुढची अमावास्या कोणत्या वारी येते, ते खरोखरच बघायला लागले.