वडिलांच्या पिकअपचं मडगार्ड

नेब्रास्कातल्या आमच्या भागाला मी सव्वीस वर्षं रेडिओवरून हवामान सांगितलं. मी ‘ऊन’ म्हटलं की बायका दोरीवरचे कपडे काढून घ्यायच्या. तरी निवृत्त झाल्यावर मला वाटलं, पत्र्याचं काम आपल्याला जमेल.

पत्रा होता वडिलांच्या पिकअपचा. एकोणपन्नास सालची गाडी, डुकरं वाहून दमलेली. डाव्या मडगार्डला ताटाएवढा पोचा होता. मी आतून हातोडा घातला. संध्याकाळपर्यंत पोचा गेला आणि त्या जागी टेंगूळ आलं. ते बाहेरून ठोकलं, तर शेजारी दोन नवे पोचे. पत्रा इतका ताणला, की दाबला की ‘टप’ आत, सोडला की ‘टप’ बाहेर.

“ऑर्विल, कुणा जाणत्या माणसाला बोलाव,” माझी बायको आर्डिस म्हणाली.

“जाणता माणूस इथंच उभा आहे.”

“कुठं?” तिनं माझ्या मागं डोकावून पाहिलं.

मग मी पुट्टी आणली. चार डबे थापले, घासले, वर लाल रंग मारला. उजव्या मडगार्डला मात्र हात लावला नाही. ते वडिलांनी स्वतः दुरुस्त केलेलं. ते देवाघरी गेल्यावरही मी भेटेल त्याला सांगायचो, “आमच्या म्हाताऱ्याचा हात होता तो. माझ्यासारखा नव्हे.”

जुलैच्या जत्रेत जुन्या गाड्या मांडतात. परीक्षक होती ट्वायला ब्रँडवोल्ड, चौऱ्याहत्तर वर्षांची, धान्याच्या कोठारामागे गॅरेज चालवणारी. तिनं डाव्या मडगार्डला लोहचुंबक लावलं. ते गवतात पडलं.

“पत्रा कुठंय रे ह्यात?”

“डावीकडे माझी कलाकारी आहे,” मी घाईनं म्हणालो. “उजवीकडे लाव. तिकडे वडिलांचं काम आहे. अस्सल पोलाद!”

तिनं लावलं. ते तिथंही पडलं. आर्डिस पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी ट्वायलाच्या गॅरेजमध्ये आम्ही उजवं मडगार्ड फोडलं. आत सिमेंट निघालं, आणि ते धरून ठेवायला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी.

मी खाली बसलो. ट्वायलाला वाटलं मी रडतोय, म्हणून तिनं कॉफी आणली. पण मला हसू आवरत नव्हतं. आयुष्यभर त्या हाताच्या धाकानं मी साधा खिळासुद्धा चोरून ठोकला होता.

“पोरगा शोभतोस खरा त्यांचा,” ती म्हणाली. “ऊठ आता. धर हातोडा.”

ऑगस्टभर मी रोज तिच्याकडे गेलो. आधी डाव्या मडगार्डची पुट्टी खरवडून काढली. आत लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हलकेच टिचकावायचं. ताणलेला पत्रा तापवून त्यावर ओलं फडकं दाबायचं, म्हणजे तो आक्रसतो.

“अरे, साप मारतोयस का? हळू!”

आठवड्याभरात माझा अंगठा काळानिळा झाला, आणि तिनं शिव्या निम्म्यावर आणल्या.

सप्टेंबरात तिनं डोळे मिटून डाव्या मडगार्डवरून तळवा फिरवला. “वाईट नाही,” म्हणाली.

घरी जाऊन मी ते आर्डिसला तीनदा सांगितलं.

“ऐकलं,” ती म्हणाली. “आता उजवं कधी करतोस?”