निर्णायक मत

मागच्या दाराच्या खिळ्याला, कुत्र्याच्या पट्ट्याशेजारी लटकलेलं रॉकेट कंपनीचं ते ओळखपत्र – त्यावरच्या फोटोत ऊना हसत होती. प्रत्यक्षातली ऊना पाठमोरी उभी राहून लापशी ढवळत होती, आणि टॉर्किलला तिच्यापेक्षा त्या फोटोकडे बघणं सोपं वाटत होतं.

पाच वर्षांपूर्वी वस्तीच्या सभागृहात तोच उठून बोलला होता. गायरान समितीचा प्रमुख, शब्दाला वजन असलेला माणूस. अर्ध्याहून जास्त पैसा सरकारचा आहे, स्कॉटलंडच्या या टोकावरून रॉकेटं उडतील, ग्लासगोला गेलेली आपली पोरं परत येतील... आणि ऊना खरंच आली होती, पक्की नोकरी सोडून, बापाच्या शब्दावर. मग दलदलीतून रस्ता आला, सिमेंटचा चौथरा आला, कुंपण आलं. रॉकेट एकही उडालं नाही. जानेवारीत कंपनीनं काम थांबवलं – एका पानाच्या पत्रानं.

आज अकराला पुन्हा सभा होती. नवी कंपनी, नवं सरकारी अनुदान. मागणी उरलेल्या गायरानाची.

"बाबा, माझ्यासाठी हात वर करू नकोस," ऊना न वळताच म्हणाली.

"तुझ्यासाठी कुठे..."

"मग कुणासाठी?"

सभागृहात सरकारी अधिकारी नकाशे दाखवत होता, अगदी नम्रपणे. शेजारची इशबेल मध्येच म्हणाली, "टॉर्किल, मागच्या खेपेला तुझं भाषण ऐकून माझ्या मेंढ्यासुद्धा हरखल्या होत्या. आता चरायला जागा नाही बिचाऱ्यांना. बोल की आज पुन्हा, गोड बोलतोस!"

सगळे हसले. इशबेलसुद्धा. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, त्याला वाटलं – हे हसणं म्हणजे ते अजून आपलेच आहेत, अजून माझ्याच तोंडाकडे बघताहेत...

मतं पडली. सहा बाजूनं, सहा विरुद्ध. उरलं त्याचं.

नाही म्हणायचं, हे तो घरूनच ठरवून निघाला होता. पण म्हातारा फर्कर त्याच्याकडे झुकून पुटपुटला, "काम निघालं तर नातू येईन म्हणतोय रे." आणि नाही म्हटलं तर उरतं काय – बावीस घरं, त्यातली नऊ कुलपात, समुद्राकडून येणारा वारा...

हात वर गेला. मागच्या रांगेतून ऊना कोट न घालताच बाहेर निघून गेली.

"दोन शब्द बोला ना," अधिकारी म्हणाला.

तो उभा राहिला. या खेपेला करार पक्का आहे, त्याचं तोंड सांगत होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तीस जणांना काम, नऊच्या नऊ घरांत दिवे – कुठून येत होते हे शब्द, मी तर आतून कोरडा ठणठणीत होतो, दारातून दिसणाऱ्या रस्त्यावर माझी मुलगी लहान लहान होत चालली होती... आणि भयंकर हे, की माझंच बोलणं ऐकता ऐकता मला ते थोडंसं पटायला लागलं होतं.