पडल्याची वही

"जिन्यावरून पडला म्हणायचं हं, बाळा. जिन्यावरून. विसरायचं नाही."

हा आईचा आवाज. पंचेचाळीस वर्षं होऊन गेली त्याला. आईच्या कडेवर धाकटा भाऊ, समोर दवाखान्याचं हिरवं दार, आणि आठ वर्षांच्या पोरीच्या कानाला लागलेले आईचे गरम ओठ. आई गेली, ते दारही पाडलं असेल कुणी, पण आवाज काही म्हातारा झाला नाही. शाळेच्या त्या एवढ्याशा खोलीत मावशी कापूस पिंजत बसली की तो हळूच येऊन शेजारी बसे.

खोली कसली, जिन्याखालचा कोनाडाच तो. एक पडदा, एक बाकडं, औषधांचं कपाट, भिंतीवर टेलिफोन. खरचटलं, कापलं, नाकातून रक्त आलं की पोरं इथं यायची. मावशी आधी जखमेवर फुंकर घालायची, मग औषध लावायची. म्हणून पोरांनी नाव पाडलं होतं, फुंकरमावशी. बावीस वर्षांत तिनं इतकी ढोपरं पुसली होती की चेहरा न बघता ढोपरावरून पोर ओळखलं असतं.

कपाटात एक वही होती. तिला सगळे पडल्याची वही म्हणत. तारीख, नाव, कुठं लागलं, कसं लागलं. शेवटचा रकाना मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोन वर्षांपूर्वी वाढवला होता: घरी कळवलं. एका मुलाची हनुवटी फुटली, घरी कुणी सांगितलं नाही, आणि त्याच्या बापानं शाळा डोक्यावर घेतली. तेव्हापासून नियमच. ओरखडा असो नाहीतर खोक, वहीत लिहायचं आणि लगेच घरी फोन लावायचा. चांगला नियम. मावशीनं एकदाही मोडला नव्हता.

आज सुटायला अर्धा तास असताना वर्गाच्या बाईंनी पहिलीतल्या चिमणीला पाठवलं. "कवायतीत हात वर करत नाहीये. बघा जरा." एवढं बोलून त्या वर्गाकडे पळाल्या.

चिमणी आली आणि बाकड्याच्या अगदी कडेला बसली. उन्हं रणरणत होती आणि पोरीच्या अंगात लांब बाह्यांचा स्वेटर.

"काय गं, स्वेटर घालून उन्हाला भिववतेस होय?"

चिमणी हसली नाही. एरवी हसायची.

मावशीनं पडदा ओढला, बाही सावकाश वर सारली. दंडावर निळसर डाग होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. पडलेल्या पोराला जमीन लागते. जमिनीला बोटं नसतात. हे मावशीला आज कळलं असं नव्हे. मागच्या खेपेलाही कळलं होतं, त्याच्या मागच्या खेपेलाही. कळूनही ती मूग गिळून बसली होती. हात आपोआप वहीकडे गेला.

"कशी पडलीस, राणी?"

"मावशी, वहीत नको ना लिहूस."

"का गं?"

"लिहिलं की फोन जातो."

"आणि फोन गेला की?"

चिमणीनं पडद्याकडे पाहिलं, पलीकडे कुणी उभं असल्यासारखं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग परत पडते."

मावशी फुंकर घालायला वाकली होती, ती तशीच राहिली.

तिनं वही मांडीवर घेतली आणि मागं मागं उलटत गेली. पहिली नोंद पावसाळ्यातली. ढोपर. ते खरंच पडणं होतं, मैदानात, सगळ्यांसमोर. त्याच दुपारी तिनं फोन लावला होता, हौसेनं, चार गोड शब्द बोलून. दोन दिवसांनी पाठ. खेळताना पडली. घरी कळवलं. तीन दिवसांनी कान. पडली. घरी कळवलं. मग मनगट. मग मांडी. पडली, पडली. अक्षर सगळं तिचंच, वळणदार, काना-मात्रा जिथल्या तिथं. चिमणीच्या नावापुढं नंबर एकच होता, बापाचा. शाळा तक्रार करते म्हणून बाप चिडायचा आणि शाळा पुन्हा त्यालाच कळवायची. ज्या हातानं मावशी औषध लावत होती, त्याच हातानं ती नंबर फिरवत होती.

आई काम करता करता गुणगुणायची, ते तिला आठवलं:

*झाकलं घराचं दार, झाकली गं माझी माय,*
*भिंतीला कान दिले, भिंतीला गं तोंड नाय.*

तेवढ्यात पडदा हलला.

"काय मावशी, आज फोन नाही आला तुमचा! म्हटलं, रुसलात की काय आमच्यावर?"

चिमणीचा बाप. शाळेची गाडी चालवायचा. सगळ्यांचा लाडका गाडीवाला. पोरांची नावं पाठ, दप्तरं स्वतः उचलून द्यायचा, बायांची भाजीसुद्धा आणून द्यायचा. हातात पाण्याची बाटली. नजर मात्र वर सारलेल्या बाहीवर.

"पुन्हा आपटली वाटतं? नाव चिमणी, पण चालते हत्तीसारखी."

मावशीच्या पदरात एक इवलीशी मूठ घट्ट रुतली. मावशीनं बाही खाली ओढली.

"पोट दुखतंय तिचं. ओवा दिलाय. तुम्ही गाडी लावा, घंटा होईलच."

"मीच नेतो हिला, चल गं."

"तुम्ही लावा हो गाडी. पोटातलं बाहेर आलं तर सीट कोण पुसणार? मी का?"

तो हसला. पण जाताना वळून वहीकडे बघून गेला.

मावशीनं एका काखेत वही घेतली, दुसऱ्या हातात चिमणीचं बोट. पोरीला पहिलीच्या बाईंच्या मांडीवर बसवलं. "मी येईपर्यंत कुणाच्या हाती देऊ नका. कुणाच्या म्हणजे कुणाच्याच." मग मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली आणि वही उघडून समोर ठेवली.

मोठ्या बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून डोळे चोळले.

"गाडीवाला? अहो, तीस पोरं नेतो-आणतो तो. बोटभर तक्रार नाही कुणाची."

"दुसऱ्यांच्या पोरांची नाही."

"मुलगी काय म्हणते?"

"पडले म्हणते."

"मग झालं की! आणि हे लिहिलंय कुणी? तुम्हीच ना? पाच वेळा पडली म्हणून लिहिता आणि सहाव्यांदा येऊन सांगता पडली नाही. उद्या तो विचारेल, तर मी काय दाखवू? एवढी खात्री कशावरून तुमची?"

बाहेर घंटा झाली. पोरांचा लोंढा पायऱ्यांवरून धडधडत उतरला. फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, मग लांबलचक.

मावशी आजवर त्या खोलीत कधी खुर्चीवर बसली नव्हती. आज न विचारता बसली.

"लिहिलं ते खोटं लिहिलं, बाई. मला ठाऊक होतं आणि मी लिहिलं. पोर पडले म्हणते, कारण तिला तसं शिकवलंय. मलाही शिकवलं होतं."

मोठ्या बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला.

"मला धाकटा भाऊ होता. आमचे वडील तापट, हात उचलायचे. एकदा भावाला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, एकटीला मला जवळ घेतलं, लिमलेटची गोळी दिली खायला. म्हणाले, बेटा, खरं सांग, काय झालं? चांगले होते हो ते. मी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला घरी सोडलं नसतं. मी म्हटलं, पडला. त्यांनी लिहून घेतलं. घरी आणला त्याला. पुढच्या खेपेला दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. सहा वर्षांचा होता. हिच्याएवढा."

हॉर्न पुन्हा वाजला. मोठ्या बाई उठल्या, दाराची आतली कडी लावली. खिडकीतून शिपायाला हाक मारली, "गाडी जाऊ दे म्हणावं. पहिलीतली ती मुलगी माझ्याकडे आहे, मीच पोचवेन." मग टेबलाच्या काचेखाली लावलेल्या कागदावरचा, आजवर कधीच न फिरवलेला, मुलांच्या मदतीचा नंबर शोधून फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली.

रिसीव्हर कानाशी धरून त्यांनी मावशीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुठून पडला म्हणून सांगितलं होतंत?"

"जिन्यावरून."

मावशीनं मिटलेली मूठ उघडून टेबलावर ठेवली.

"आमच्या घराला जिनाच नव्हता, बाई."