एकशे बारावी ओळ

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी टूलकिट कंपाइल झालं. तसं काहीही झालेलं नाही, असं सोमवारच्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय. म्हणून आपणही तसंच धरून चालू.

तर गुरुवारी सकाळी भाच्याने सातव्यांदा एंटर दाबलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला. पडद्यावर ओळी सरसर वर सरकल्या, एका जागी अडखळल्या आणि लाल अक्षरं उमटली: फाइल सापडत नाही. मशीनने सातही वेळा हे एकाच सुरात सांगितलं होतं. माणूस असता तर एव्हाना खेकसला असता.

पाणीपुरवठा कार्यालयातलं जुनं मशीन शुक्रवारी बंद होणार होतं. चौदा टाक्यांवरचे पंप त्या मशीनशी बोलत. टाकी भरली की सांगत, रिकामी झाली की सांगत. हे बोलणं ज्या टूलकिटमुळे व्हायचं ते मामाने अठरा वर्षांपूर्वी लिहिलेलं. ते मूळ सोर्स कोडपासून नव्या मशीनवर पुन्हा बांधायचं, म्हणजे कंपाइल करायचं, एवढंच काम होतं. झालं तर चार वर्षं तात्पुरता असलेला भाचा नोकरीत कायम. नाही झालं तर भाचा घरी आणि चौदा टाक्या मुक्या.

हरवलेली फाइल कुठे गेली हे भाच्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानेच पुसली होती. तीन महिन्यांपूर्वी मामाला मुदतीआधीच घरी बसवलं, तेव्हा मामाचं फोल्डर साफ करायचं काम त्याच्याकडे आलं आणि ते त्याने इमानेइतबारे केलं, बॅकअपसकट. टूलकिटची एक फाइल मामाच्या फोल्डरात बिऱ्हाड करून होती, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मामाला घरी बसवण्याचं कारण अहवालात दोन वाक्यांत होतं: 'सदर कर्मचाऱ्याने आपले ज्ञान स्वतःपुरते ठेवले. कोणासही तयार केले नाही.' खाली तीन सह्या. तिसरी भाच्याची. साहेबांनी कागद पुढे सरकवला होता, पेनाचं टोपणही स्वतः काढून त्याच्या हातात दिलं होतं. इतकं केल्यावर नाही कसं म्हणायचं? ते टोपण अजून भाच्याच्या ड्रॉवरमध्ये होतं.

त्याने टेबलावरचा फोन उचलून मामाच्या घरचा नंबर फिरवला. मामीने घेतला.

"कोण?"

"मी, मामी."

"मी म्हणजे घरचा मी, की ऑफिसातला?"

भाचा उत्तर जुळवत होता, तोवर तिने रिसीव्हर बाजूला टेबलावर आपटत आतल्या खोलीकडे हाक मारली होती.

मामाने सगळं ऐकून घेतलं. एवढं मोठं काम करणारा हा माणूस प्रत्येक फाइल कागदावर छापून ठेवायचा. ऑफिसात त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल चाले आणि त्या हशात भाच्याचाही वाटा असे. जाताना मामाला 'वैयक्तिक रद्दी' न्यायची परवानगी मिळाली होती. फाइल त्या रद्दीत होती. एकशे चाळीस ओळी. पण बाहेरचा कागद, बाहेरचा पेनड्राइव्ह किंवा बाहेरचा माणूस आत आणायला सक्त मनाई होती. हे नियम भाच्यानेच लिहिले होते. फोनवर बोलायला मनाई नव्हती. ती घालायची राहून गेली होती.

"घ्या भाचेबुवा," मामा म्हणाला. "चार स्पेस. मग कंस सुरू."

अडीच तास तो सांगत राहिला. कंस, स्वल्पविराम, दोन स्पेस. मध्ये एकदा पाणी प्यायला, तो घोट फोनमधून ऐकू आला. मध्येच म्हणाला, इथे तू पहिल्या वर्षी माझी चूक काढली होतीस, आठवतं का. भाच्याला आठवत होतं. तो नुसतं 'हं' म्हणाला आणि स्वल्पविराम दिला.

एकशे बाराव्या ओळीपाशी मामा थांबला.

"ही सोड. कॉमेंट आहे, माणसांसाठी लिहिलेली. मशीन ती वाचत नाही."

भाच्याने सोडली. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलं, तर लाल अक्षरं या वेळी नवा मजकूर घेऊन आली: फाइल जुळत नाही. प्रत्येक फाइलचा एक पडताळणीचा आकडा असतो, तिच्यातल्या अक्षरन् अक्षरावरून काढलेला. एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी तो बदलतो आणि बांधणी थांबते. आकड्यांची यादी बदलायची तर समिती बसवावी लागे, आणि या कार्यालयात बसलेली समिती उठल्याचं कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

मशीन कॉमेंट वाचत नाही हे खरं. मोजतं मात्र.

"मामा, ती ओळ सांगावी लागेल."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला.

"त्यात काही विशेष नाही रे."

"तरी सांग."

ओळ आपल्याच भाषेत, पण इंग्रजी अक्षरांत होती. त्यामुळे मामाला एकेक अक्षर सुटं सांगावं लागलं. वाण्याला यादी सांगावी तशा आवाजात त्याने ते सांगितलं. पडद्यावर शब्द जमत गेले. 'हा भाग अडला' झालं. 'तर माझ्या' झालं. पुढच्या शब्दाची पहिली अक्षरं आली आणि भाच्याची बोटं थांबली.

"घेतलंस का?" मामाने विचारलं.

"हं. पुढे?"

'हा भाग अडला तर माझ्या भाच्याला विचारा. त्याला सगळं शिकवलंय.' शेवटी तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची.

भाच्याने एंटर दाबलं. पडदा बराच वेळ धावत राहिला आणि चार वाजून दहा मिनिटांनी तळाशी हिरवी ओळ उमटली.

"मामा," तो म्हणाला.

"तीन नंबरच्या टाकीवरचा पंप उशिरा उत्तर देतो," मामा म्हणाला. "त्याला घाई करू नकोस." आणि फोन ठेवला.

शुक्रवारी चौदाही टाक्या बोलू लागल्या. साहेबांनी तपासणीसाठी फाइल मागवली, चष्मा लावून वाचली, एकशे बारावी ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी भाच्याला समोर बसवून शांतपणे समजावलं. ही ओळ खरी असेल तर अहवाल खोटा ठरतो. अहवाल खोटा असू शकत नाही, त्यावर तीन सह्या आहेत. सबब ही ओळ नाही. ओळ नाही म्हणजे फाइल नाही, आणि फाइल नाही म्हणजे गुरुवारी काहीही कंपाइल झालेलं नाही.

"मग पंप कशावर चालतायत, साहेब?"

"चालतायत ना?"

"हो."

"मग झालं तर."

परिपत्रक सोमवारी निघालं. त्याच पाकिटात भाच्याला कायम केल्याचं पत्र होतं. कारण दिलं होतं: 'कोणतीही अडचण उद्भवू दिली नाही.' पत्र ड्रॉवरमध्ये ठेवताना टोपण हाताला लागलं. ते त्याने बाहेर काढलं, कोरा कागद घेतला, आणि जेवणाच्या सुट्टीत लिहिलेला अर्ज आवक विभागात नेऊन दिला. तिथल्या बाईंनी तो दोन वेळा वाचला, भाच्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

'विषय: सही परत मिळणेबाबत.

महोदय, सदर कर्मचाऱ्याने ज्ञान स्वतःपुरते ठेवल्याबाबतच्या अहवालाच्या तिसऱ्या पानावर, खालून पहिली, अशी माझी सही आहे. ती माझ्या मालकीची असून मला तिची गरज भासत आहे. तरी सदर सही, शक्य असल्यास मूळ शाईसह, मला परत करण्यात यावी व तेथील जागा पूर्ववत कोरी करण्यात यावी, ही नम्र विनंती.

सोबत: पेनाचे टोपण, एक.'